चौघांची खोली

तालुक्याच्या गावी शिकायला ठेवलेली पोरं चार जणांत एक खोली करून राहतात, याकडे आपण दोनच नजरांनी बघतो. एक नजर कीव करते. बापाची ऐपत नव्हती म्हणून पोरं दाटीवाटीनं राहिली, परिस्थिती सुधारली की ज्याला त्याला आपापली खोली मिळेल, असं ती म्हणते. दुसरी नजर हळवी होते. काय ते दिवस होते, एका ताटात जेवायचो, एका सतरंजीवर झोपायचो! पहिलीला खोलीत फक्त अडचण दिसते, दुसरीला फक्त तारुण्य. दोन्ही उथळ आहेत, कारण त्या खोलीनं केलेलं काम दोघींच्याही लक्षात येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. घरापासून बाजूला असलेली आणि बरोबरीच्या पोरांनी स्वतः चालवलेली लहान खोली ही आपल्याकडे मैत्री घडवणारी फार मोलाची, आणि पुष्कळदा एकुलती एक, व्यवस्था आहे. आपल्या गावांनी नात्यासाठी, जातीसाठी, देवासाठी, धान्यासाठी जागा राखली; मैत्रीसाठी राखली नाही. ती माडीवर, माळ्यावर, पत्र्याखाली, कुणाला नको असलेल्या कोपऱ्यात आपसूक तयार झाली. आणि आता मुलांच्या राहण्याचा प्रश्न अनुदानानं आणि इमारतींनी सोडवायला निघालेले आपण नेमकी तीच मोडीत काढतो आहोत.

आष्टीच का

उदाहरण आष्टीचं घेतो. आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. जिल्हा बीड, पण बाजार, दवाखाना आणि पुढचं शिक्षण बऱ्याच जणांना नगरकडे ओढतं. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते न्यू आष्टी ही रेल्वे सुरू झाली, तोवर हा सगळा प्रवास एसटीचा आणि काळ्या-पिवळ्या जीपचा. पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडणारी कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जाते ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. ज्यांच्याकडे कोयता नाही ते भरतीच्या मागे असतात. याच तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावी करून महार रेजिमेंटमध्ये गेला आणि पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. त्याच्यासारखं पदक सगळ्यांना मिळत नाही, पण लहान वयात घर सोडणं इथल्या बहुतेकांच्या वाट्याला येतं.

म्हणून इथं माणसाला आपलं कोण हा प्रश्न लवकर पडतो. वर्षातले पाच-सहा महिने आईबापच गावात नसतात. अशा ठिकाणी पोरगा सोळाव्या वर्षी कुणासोबत झोपतो, कुणासोबत जेवतो, ही किरकोळ बाब उरत नाही.

तालुक्याच्या ठिकाणची ही खोली कशी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पूर्वी माळवदाच्या घरावरची माडी. लाकडी तुळया, वर माती, उन्हाळ्यातही गारवा. आता खाली गाळा, कुणाचं खताचं दुकान नाहीतर मोबाईल रिपेअरिंग, आणि बाहेरून चढणारा लोखंडी जिना. वर पत्रा. भिंतीला ठोकलेल्या दोन खिळ्यांत ताणलेली दोरी, तिच्यावर चौघांचे कपडे. कोपऱ्यात कुलपाच्या पेट्या, गुंडाळलेल्या वळकट्या. आणि पूर्वी रोजचा असलेला, अजूनही काही गावांकडून येणारा एसटीचा डबा: फडक्यात घट्ट बांधलेला, झाकणावर रंगानं नाव लिहिलेला, वर चार भाकरी आणि खाली कालवणाची वाटी. आईनं गावात गाडीत ठेवायचा, पोरानं स्टँडवर उतरवून घ्यायचा. एखाद्या दिवशी गाडीच येत नाही, कुणाचा डबा चुकतो, कुणाची आई फडावर असते म्हणून त्याचा डबा मुळात नसतोच. त्यावर खोल्याखोल्यांतून एक नियम आपोआप निघाला: डबे एकदम उघडायचे, एका कागदावर ठेवायचे, आणि कुणाचा कुठला हे विचारायचं नाही. हा नियम कुठल्याही मास्तरानं घालून दिलेला नाही. माझ्या युक्तिवादाचा पाया इथेच आहे.

१. घरात मित्राला जागा नसते

आपल्या पारंपरिक घराची रचना बघा. ओसरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची आणि मोठ्या पुरुषांची. माजघर बायकांचं. स्वयंपाकघरात कुणी यायचं आणि कुणी नाही हे सोवळं आणि जात ठरवणार. धान्याला बळद, देवाला देव्हारा, जनावरांना गोठा. मित्र आला तर तो ओसरीवर बसतो, चहा घेतो, वडील आले की उठतो. आडनाव वेगळं असेल तर त्याला पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं याचीही घरात कुजबुज होते. अजून होते, हे लिहिताना वाईट वाटतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात माणूस कायम कुणाचा तरी कुणीतरी असतो. थोरला, धाकटा, जावयाचा मेहुणा, अमक्याचा नातू. प्रत्येक नात्याला चढ-उतार आहे, आणि बोलण्याची पट्टी त्याप्रमाणे ठरते. बरोबरीचं बोलणं, जे मैत्रीचं पहिलं लक्षण, त्याचा सराव घरात होत नाही. तो माडीवर होतो, कारण जिन्याच्या वर कुणी वडीलधारं नसतं आणि कुणी पाहुणाही नसतो. पारावरच्या गप्पा, तालीम, भजनी मंडळ ही मैत्रीची ठिकाणं आहेतच. पण तिथून माणूस रात्री घरी जातो आणि पुन्हा कुणाचा तरी धाकटा होतो.

२. सहवासानं नाही, पाळीनं

एकत्र राहिलं की मैत्री होतेच, ही समजूत खोटी आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात. आष्टी-पाटोद्याची पोरंही त्यांत आहेत. मालक खोली देत नाही, खाट देतो. पैसे ज्याचे त्यानं द्यायचे, जेवण मेसला, अभ्यास अभ्यासिकेत. शेजारच्या खाटेवर कोण येणार हे मालक ठरवतो आणि तो कधी जाणार हे निकाल ठरवतो. दोन खाटांमधलं अंतर हातभर असतं. तरीही महिनोन्महिने शेजारी झोपलेल्या दोघांना एकमेकांच्या गावाचं नाव माहीत नसतं. जवळीक तिथं माडीपेक्षा जास्त आहे, मैत्री कमी. मग फरक कशानं पडला?

फरक पाळीनं पडला. चौघांच्या खोलीत पाणी कुणी भरायचं, झाडायचं कुणी, लाईटचं बिल कुणाकडं, गावी गेलेल्यानं भाड्याचा वाटा द्यायचा की नाही, हे चौघांनी मिळून ठरवावं लागतं. कुणीतरी अंग चोरतो. त्याच्याशी भांडावं लागतं, आणि भांडून झाल्यावर रात्री त्याच्याच शेजारी झोपावं लागतं. वर दाद मागायला कुणी नाही. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांवर नियम लादून घेणं आणि ते पाळणं, ही गोष्ट आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोधतो. पोरं ती पाण्याच्या हंड्यावरून शिकतात. आपलेपणा इथून येतो. ज्या जागेसाठी मी काही केलं, जिथं माझ्यावाचून अडतं, ती माझी. नुसतं भाडं भरून खाट मिळते, खोली मिळत नाही.

३. अंधारातलं बोलणं

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण ती सगळ्यांत खोल आहे. झोपलेला माणूस निराधार असतो. दुसऱ्याच्या शेजारी निर्धास्त झोप लागणं हा विश्वासाचा पुरावा आहे, आणि नात्याबाहेरच्या माणसाबद्दल तो विश्वास आयुष्यात पहिल्यांदा इथं मिळतो. शिवाय दिवा मालवल्यावर पोरं जे बोलतात ते दिवसा बोलत नाहीत. उचल फिटली नाही आणि मुकादम घरी येऊन बसलाय. बहिणीचं लग्न ठरलंय, ती अजून दहावीत आहे. बापाची दारू. भरतीत छाती दोन सेंटिमीटरनं कमी भरली. बीडच्या पुरुषाला या गोष्टी समोरासमोर, डोळ्यांत बघून सांगण्याची रीतच शिकवलेली नाही. पत्र्याकडे तोंड करून, शेजारी कोण आहे हे न बघता, त्या सांगता येतात. ऐकणाराही काही बोलत नाही, ‘हं’ म्हणतो. शेतकरी कुटुंबांतल्या तरुणांच्या मनाची चिंता करणाऱ्या या मराठवाड्यात समुपदेशन केंद्रं जरूर वाढवा. पण हे फुकटचं, रोजचं, वर्षानुवर्षं चालत आलेलं ऐकून घेणं कुठं होत होतं याचीही नोंद घ्या.

आपलेपणा आणि मैत्री एकच आहेत का

इथं माझ्या मांडणीला सगळ्यांत मोठा धोका आहे आणि तो लपवून उपयोग नाही. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकेका गावानं चाळीत खोली धरायची, गिरणीत लागलेल्या गडीमाणसांनी तिथं राहायचं. पाळीप्रमाणे एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. आजारी पडलेल्याला तिथून गावी पोचवायचे, नोकरी गेलेल्याला सांभाळून घ्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या गेल्या, तशा त्यांतल्या अनेक खोल्याही गेल्या. त्यांत आपलेपणा ओतप्रोत होता. पण तो गावावरून आणि बहुतेक वेळा जातीवरून आधीच ठरलेला होता. परक्याला तिथं वळकटी टाकता येत नव्हती.

म्हणजे खोली नुसती आपलेपणा देत असेल तर ती जातीचं घर शहरात नेऊन बांधते, एवढंच. हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्यावर दोन मोठ्या माणसांनी दोन उत्तरं दिली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिकायला आलेल्या पोराला कोल्हापुरात कुणी खोलीच देत नव्हतं. ज्या त्या समाजाला आपल्या पोरांची सोय करायला उभं केल्याशिवाय ती होणार नव्हती. त्या काळात ते बरोबर होतं असं मी मानतो.

दुसरं उत्तर भाऊराव पाटलांचं. ते याच जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. एका खोलीनं दुसऱ्या खोलीत गेल्याची शिक्षा दिली! या माणसानं पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं केलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. पोरं धनिणीच्या बागेत एकत्र राबायची, एकत्र रांधायची, एका पंक्तीत जेवायची. बोर्डिंगच्या दाण्यागोट्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. भाऊरावांनी जातीविरुद्ध भाषणं कमी दिली असतील. त्यांनी अंथरुणं शेजारी शेजारी टाकली. जात जेवणाच्या पंक्तीत आणि झोपण्याच्या जागेत राहते हे त्यांना ठाऊक होतं. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेव्हा नागसेनवनात मुलांच्या राहण्याचाही विचार केला. त्या वसतिगृहांतल्या खोल्या वजा केल्या तर मराठवाड्यातल्या दलित साहित्याची पिढी डोळ्यांसमोर उभी राहत नाही.

तेव्हा माझ्या मांडणीत एक अट घालतो: खोलीत निदान एक माणूस असा हवा जो घरच्यांनी निवडला नसता. ही अट सुटली की उरते ती फक्त गावकी.

मुलींची माडी कुठं आहे

आतापर्यंत मी ‘पोरं’ म्हणालो ते मुलगे होते. हे मुद्दाम नव्हतं, वस्तुस्थितीच तशी आहे. आष्टीत खोली करून मुलगे राहतात. मुली अप-डाऊन करतात. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. या पासानं हजारो मुली शाळेत टिकल्या, त्याचं मोल मोठं आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की संध्याकाळची गाडी मुलीला घरी नेऊन सोडते. घर म्हणजे पाणी, भाकरी, धाकटी भावंडं. वर ज्या तीन गोष्टी सांगितल्या, बरोबरीचं बोलणं, पाळी आणि अंधारातलं ऐकणं, त्या सगळ्या संध्याकाळच्या गाडीनंतर घडतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यामागं गरिबी आहे, आईबाप फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला कुणाकडं ठेवायचं हा धाक आहे. पण मुलीजवळ ‘मला नको’ हे पहिल्यांदा म्हणून बघायला दुसरी मुलगी नसते, हेही आहे. घरात ते वाक्य थेट बापासमोरच म्हणावं लागतं, आणि इतकं मोठं वाक्य सरावाशिवाय तोंडातून निघत नाही.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई आल्या. पुढे १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या धैर्याचं श्रेय आपण कर्व्यांना देतो, थोडं गोदूबाईंनाही. सदनाला मात्र देत नाही. घरातल्या अंधाऱ्या खोलीत एकटी बसलेली विधवा आणि आपल्यासारख्या दुसऱ्या मुलींसोबत राहणारी, शिकणारी विधवा, यांच्यात जे अंतर आहे ते पुस्तकांनी पुरतं भरून निघालं असेल असं मला वाटत नाही.

आक्षेप

कुणी म्हणेल, हे गरिबीचं उदात्तीकरण आहे. नाही. गळका पत्रा, संडासाची रांग, एप्रिलच्या दुपारी तापलेली खोली यांत काहीही चांगलं नाही, आणि ते सगळं बदललं पाहिजे. मी बचाव करतोय तो चौघांचा. पत्र्याचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जिथं वडीलधारं नाही तिथं दांडगाई असते. चौघांत एक जण दादा होतो, कुणाला त्याचे कपडे धुवायला लागतात, कुणी व्यसनाला लागतो, एखाद्याला खोली नरक होते. हे घडतं. पण बारकाईनं बघितलं तर ते मोठ्या वसतिगृहात आणि वरच्या वर्गांच्या धाकात जास्त वाढतं. चार समवयस्कांच्या खोलीत एकाची दादागिरी बाकी तिघांना मोडता येते, आणि नाहीच जमलं तर खोली सोडता येते. सोडता येणं फार महत्त्वाचं. जिथून बाहेर पडता येत नाही अशी खोली मैत्रीची राहत नाही.

तिसरा: माणसाला एकांत लागतो. लागतोच. अभ्यासाला, रडायलाही लागतो. पण वीस जणांच्या दालनात एकांत मिळत नाही आणि एकट्याच्या खोलीत तो संपत नाही. फोनबद्दलही लोक बोलतात, की आता चार पोरं चार पडद्यांत असतात. खरं आहे. तरी पाणी भरायची पाळी फोनवर ढकलता येत नाही, म्हणून मला फोनपेक्षा मेसच्या डब्याची आणि खाटेवारी भाड्याची भीती अधिक वाटते. पाळी तेच संपवतात.

सरकारच्या दोन वाटा

सरकार या प्रश्नाकडे बघतं ते दोन वाटांनी. एक वाट पैशाची. २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या खात्यावर रक्कम येते. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. ही मदत हवीच, ती वेळेवरही हवी. पण पैसे एकेकट्याच्या नावानं येतात आणि बाजारात त्यांचं एकच रूप होतं: खाट. आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारतो तेव्हा खात्यातले पैसे काही बोलू शकत नाहीत.

दुसरी वाट इमारतीची. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलं किंवा मुली. आईबापांसोबत फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर जाणारं पोर शाळेत राहावं म्हणून याहून गरजेची योजना या जिल्ह्यात नसेल. काळजी आहे ती नकाशाची. शंभर म्हटलं की लांब दालन, दोन ओळी खाटांच्या, गृहपाल, हजेरी, आयतं ताट, नऊला दिवे बंद. त्यात पोरं सुरक्षित राहतील, शिकतीलही. पण तिथं त्यांना ठरवायला काहीच उरणार नाही.

बदल फार खर्चाचे नाहीत. दालनाऐवजी चौघांच्या खोल्या. आतल्या कुलपाची किल्ली मुलांकडं. मजल्यावर चहा-भाकरीपुरती एक शेगडी आणि तिची पाळी मुलांनी लावलेली. खोल्या वाटताना आडनावांची आणि गावांची सरमिसळ, आणि एका सत्रानंतर खोली बदलायची मुभा. गृहपाल जिन्याखाली असावा, वर नाही. हे सगळं आधी मुलींच्या इमारतीत करावं. मुलग्यांना आष्टीत माडी अजून भाड्यानं मिळते, मुलींना कुणी देत नाही.